किल्ली कुठे ठेवलीय?

मागच्या शनिवारी नवा लॅपटॉप लावत बसलो होतो. सगळं झाल्यावर शेवटचं काम उरलं, जुन्या ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड नव्या मशीनवर आणायचं. सेटिंग्ज उघडली, एक्स्पोर्ट दाबलं, लॅपटॉपचा पिन दिला, सीएसव्ही फाइल तयार. नव्या मशीनवर इम्पोर्ट केली आणि खेळ खल्लास. चहा गार व्हायच्या आत काम आटोपलं. २१७ पासवर्ड निघाले! त्यातले निम्मे तरी कशाचे आहेत हे मलाच आठवेना.

आणि मला २०१७ ची दिवाळी आठवली.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत साताऱ्याला घरी गेलो तर बाबा म्हणाले, "अरे, कॉम्प्युटर उघडेनासा झालाय. जरा बघ." झालं असं होतं की त्यांनी पेपरात सायबर सुरक्षेवरचा लेख वाचला, इमानेइतबारे विंडोजचा पासवर्ड बदलला आणि विसरून गेले. त्या पीसीवर माझं ॲडमिन खातं होतंच. मी त्यातून शिरलो आणि दोन मिनिटांत बाबांचा पासवर्ड रिसेट करून दिला. मध्ये एक चौकोन आला, त्यात चार ओळींचा इशारा होता. चार ओळी कोण वाचतो? ओके दाबलं. बाबांनी "वा!" म्हटलं, आईने चकली पुढे केली, माझी कॉलर ताठ.

मग बाबांनी ब्राउझर उघडला. मेलचं पान लॉगिन विचारत होतं. एरवी पासवर्डच्या चौकटीत काळे ठिपके आपोआप येऊन बसायचे. ती चौकट रिकामी होती.

(ब्राउझरचं नाव सांगत नाही, कारण चूक त्याची नव्हती. कोणाची होती ते पुढे येईलच.)

मेलचा पासवर्ड बाबांना कधी पाठ नव्हताच. 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारली तर ओटीपी जाणार होता तो नंबर तीन वर्षांपूर्वी बंद केलेला. आणि त्या मेलमध्ये काय होतं? न्यू जर्सीचे दादाकाका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, त्याच वर्षी मार्चमध्ये गेले. शेवटची दोन-तीन वर्षं दोघे भाऊ दर आठवड्याला एकमेकांना मेल लिहायचे. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, विषय गावचं घर, विहीर, आजीचा मार वगैरे. बाबांनी त्याची एकही प्रत कुठे ठेवली नव्हती. ते काही बोलले नाहीत. "राहू दे, उद्या बघू" म्हणाले आणि बाहेर आकाशकंदील नीट करायला गेले. मला मात्र त्या रात्री झोप नाही आली.

त्या रात्रीपासून या विषयाचं मला जरा वेडच लागलंय. मी नेमकं काय मोडलं होतं हे समजायला थोडं मागे जावं लागतं. चला.

गिरणी आणि पेटी

कॉम्प्युटरच्या पासवर्डची गोष्ट सहसा अमेरिकेतल्या एमआयटीपासून सुरू करतात. १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि मंडळींनी सीटीएसएस नावाची प्रणाली दाखवली. एकाच मोठ्या मशीनवर अनेकांनी आळीपाळीने काम करायचं. प्रत्येकाच्या फाइल्स वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. साधा उपाय. पण ते सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले होते.

मग व्हायचं तेच झालं. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मशीन मिळायचं, ते त्याला पुरत नव्हतं. १९६२ मध्ये त्याने पंचकार्डावर 'अमुक फाइल छापून द्या' अशी विनंती टाकली. ती फाइल पासवर्डांची होती. मशीनने मुकाट्याने सगळी यादी छापून दिली! शेरने पुढे कित्येक वर्षांनी हे कबूल केलं. यादी त्याने इतरांनाही वाटली आणि त्यातल्या एका ज्येष्ठाने चक्क संचालकांच्या खात्यात शिरून टोमणे लिहून ठेवले. म्हणजे पासवर्ड पळवून पहिलं काय केलं तर खोडी. मनुष्यस्वभाव काही बदललेला नाही :)

१९६६ मध्ये आणखी गंमत. दोन जण एकाच वेळी दोन फाइल्स एडिट करत होते, एक रोजच्या सूचनेची आणि एक पासवर्डांची. एडिटरच्या तात्पुरत्या फाइलचं नाव दोघांसाठी एकच असल्याने फाइल्सची अदलाबदल झाली. मग जो लॉगिन करेल त्याला 'आजची सूचना' म्हणून सगळ्यांचे पासवर्ड दिसायला लागले. हा किस्सा खुद्द कॉर्बातोंनीच ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितला आहे.

यावर पक्का तोडगा युनिक्सवाल्यांनी काढला. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांचा १९७९ चा लेख प्रसिद्ध आहे. कल्पना अशी की पासवर्ड साठवूच नका, त्याचं पीठ साठवा. ज्वारी गिरणीतून काढली की पीठ मिळतं, पण पिठाची पुन्हा ज्वारी करता येत नाही. तुम्ही लॉगिन करताना दिलेला पासवर्ड पुन्हा दळायचा आणि दोन्ही पिठं जुळतात का बघायचं. वर चिमूटभर मीठही घालायचं (खरंच, शब्द 'सॉल्ट' हाच आहे), म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं निघतं. याच लेखात त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड तपासले होते. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एकतर फार लहान नाहीतर सरळ डिक्शनरीत वगैरे सापडणारे निघाले.

आता मुद्द्याची गोष्ट. ही गिरणी सर्व्हरला चालते, ब्राउझरला चालत नाही.

सर्व्हरला फक्त खात्री करायची असते. ब्राउझरला तुमच्या वतीने मूळ पासवर्ड बोलून दाखवायचा असतो. त्याच्याकडे पीठ असून काय उपयोग? त्याला अख्खी ज्वारीच हवी. म्हणून ब्राउझरला ती कुलूपबंद पेटीत ठेवावी लागते, आणि पेटी म्हटली की किल्ली आली. त्यानंतरची पंचवीस वर्षं ब्राउझरवाले एकाच प्रश्नाशी झगडत आहेत: किल्ली कुठे ठेवायची?

पायपुसण्याखाली

नव्वदच्या दशकाच्या शेवटी वेबवर प्रत्येक साइट खातं उघडायला लावायला लागली. १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ आला, त्यात ऑटोकम्प्लीट होतं. 'हा पासवर्ड लक्षात ठेवू का?' असं विचारणारा तो छोटा चौकोन. ऑपेरात याच सोयीला वाँड म्हणायचे, जादूची कांडी!

एक्स्प्लोररने पासवर्ड विंडोजच्या प्रोटेक्टेड स्टोरेजमध्ये ठेवले. नाव भारदस्त, पण तुमच्या लॉगिनखाली चालणारा कुठलाही प्रोग्रॅम ते मागू शकत होता. म्हणजे किल्ली पायपुसण्याखाली. निरसॉफ्टसारखी चिमुकली फुकट टूल्स आली, ती चालवली की सगळे पासवर्ड तक्त्यात हजर. विसरभोळ्यांसाठी वरदान, आणि शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यासाठीही. अँटिव्हायरस अशा टूल्सवर अजूनही ओरडतो आणि मालक म्हणतो, अरे माझेच पासवर्ड आहेत. दोघांचंही बरोबर असतं.

२००६ च्या एक्स्प्लोरर ७ मध्ये जरा डोकं चालवलं. पासवर्डला कुलूप लावताना त्या पानाचा पत्ताच किल्लीचा एक भाग म्हणून वापरला, आणि पत्ता सोबत लिहून ठेवला नाही. म्हणजे पासवर्ड कुठल्या पानाचा हे माहीत असेल तरच तो उघडेल. टूलवाले मग हिस्टरीतले पत्ते एकेक करून लावून बघायचे. तुम्ही हिस्टरी पुसलेली असली की तेही अडायचे.

फायरफॉक्सचा स्वभाव वेगळा. नोव्हेंबर २००४ मध्ये आवृत्ती १.० आली. तिच्यात पासवर्ड एका फाइलमध्ये आणि किल्ली शेजारच्या दुसऱ्या फाइलमध्ये, दोन्ही एकाच प्रोफाइल फोल्डरात. वर आपण मास्टर पासवर्ड लावला तर किल्लीलाही कुलूप. नाही लावला (आणि बहुतेकांनी नाहीच लावला) तर पेटी आणि किल्ली शेजारी शेजारी. याचा फायदा असा की फोल्डर पेनड्राइव्हवर उचला, दुसऱ्या मशीनवर टाका, सगळे पासवर्ड आले. फक्त एकच फाइल नेलीत तर हाती काही लागत नाही. पासवर्डची फाइल काळजीने बॅकअप घेऊन किल्लीची विसरलेले किती जण असतील कोण जाणे. तोटा काय ते सांगायला नको. तुम्हाला फोल्डर उचलता येतो तसा दुसऱ्यालाही येतो.

मालकाच्या कमरेला

विंडोज २००० बरोबर मायक्रोसॉफ्टने डीपीएपीआय नावाची सोय आणली. प्रोग्रॅमने स्वतःची किल्ली ठेवायचीच नाही. जे लपवायचं ते विंडोजच्या हाती द्यायचं, विंडोज त्याला अशा किल्लीने कुलूप लावणार जी तुमच्या लॉगिन पासवर्डातूनच तयार होते. किल्ली मालकाच्या कमरेला. तुम्ही लॉगिन केलंत की पेटी उघडते, नाहीतर नाही. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम आणला तेव्हा विंडोजवर त्यानेही हाच रस्ता धरला. लॉगिन डेटा नावाची एक फाइल, आत सगळे पासवर्ड, कुलूप विंडोजचं. ती फाइल उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली तर निव्वळ कचरा. चोराला आणि तुम्हालाही.

आता २०१७ च्या त्या रात्रीकडे या. आपला पासवर्ड आपणच बदलला, म्हणजे आधी जुना देऊन मग नवा, तर विंडोज जुन्या पासवर्डाने पेटी उघडतं आणि नव्याचं कुलूप लावतं. पण ॲडमिनने बाहेरून रिसेट केला तर जुना पासवर्ड कोणीच दिलेला नसतो. नवीन पासवर्डाने लॉगिन होतं, पण जुनी पेटी उघडणार कशी? हे असंच असायला हवं. नाहीतर कुठलाही ॲडमिन कोणाचाही पासवर्ड रिसेट करून त्याचा सगळा खजिना बघेल. तो चार ओळींचा इशारा नेमकं हेच सांगत होता की, या माणसाचे वेबसाइट्सचे सेव्ह केलेले पासवर्ड जातील. मी ओके दाबलं होतं. विंडोजने मला चोर समजून आपलं काम चोख केलं होतं.

दरवाजा उघडाच का?

ऑगस्ट २०१३ मध्ये यावर जाहीर भांडण झालं. एलियट केंबर नावाच्या डेव्हलपरने लिहिलं की क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'शो' दाबलं की कोणीही तुमचे पासवर्ड वाचू शकतं, हे भयंकर आहे. क्रोमच्या सुरक्षेचे प्रमुख जस्टिन शू यांनी उत्तर दिलं. सारांश असा की तुमच्या उघड्या मशीनवर दुसरा माणूस बसला असेल तर खेळ आधीच संपलेला आहे, वर आणखी एक पासवर्ड विचारून आम्ही खोटा दिलासा देणार नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीही या उत्तरावर नाराजी दाखवली.

गणिताने बघितलं तर शू यांचं बरोबरच होतं. पण घरं गणिताने चालत नाहीत. घरात पीसी एकच असतो, त्यावर भाऊ बसतो, पाहुणे बसतात, आणि त्यातला कोणी हॅकर नसतो. सहज 'शो' दाबणारा मात्र असतो. शेवटी क्रोमने माघार घेतली आणि पासवर्ड दाखवण्याआधी कॉम्प्युटरचा पासवर्ड विचारायला सुरुवात केली. मला या भांडणातला एकही पक्ष मूर्ख वाटत नाही. एक जण कुलपाबद्दल बोलत होता, दुसरा घराबद्दल.

किल्ली ढगात

पुढचा टप्पा सिंकचा. मोझिलाने डिसेंबर २००७ मध्ये वीव्ह नावाचा प्रयोग सुरू केला, त्याचंच पुढे फायरफॉक्स सिंक झालं. तुमचा डेटा तुमच्याच मशीनवर कुलूपबंद होऊन सर्व्हरवर जाणार, मोझिलालाही तो वाचता येणार नाही. छान! पण २०१४ मध्ये खात्याच्या पासवर्डाशी हे जोडल्यावर तोच जुना पेच आला. पासवर्ड विसरून रिसेट केला की सर्व्हरवरचा सिंक डेटा पुसला जायचा, कारण उघडायची किल्लीच गेली. साताऱ्याचीच गोष्ट, फक्त ढगातली. २०१८ मध्ये त्यांनी रिकव्हरी की दिली. ती काय करायची? छापून जपून ठेवायची!

सीएसव्ही एक्स्पोर्ट आलं ते यानंतर, क्रोममध्ये २०१८ ला आणि फायरफॉक्समध्ये २०२० ला. सोय मोठी, पण या फाइलला कुलूपच नसतं. साठ वर्षांपूर्वी ॲलन शेरने जी यादी छापून घेतली तशीच यादी आपण स्वतःच्या हाताने डाउनलोड्समध्ये ठेवतो. जरा फोल्डर उघडून बघा. मी मागच्या शनिवारी बघितलं तर २०२२ सालची एक फाइल निवांत पडली होती. आयटीतला माणूस मी!

आता काळ असा आहे की चोर खुर्चीवर बसत नाही, क्रॅक्ड सॉफ्टवेअरबरोबर येतो आणि तुमच्याच लॉगिनखाली चालतो. त्याच्यासाठी मालकाच्या कमरेची किल्ली म्हणजे घरचीच. म्हणून जुलै २०२४ मध्ये विंडोजवरच्या क्रोमने आणखी एक कडी लावली. मागणारा प्रोग्रॅम खरोखर क्रोमच आहे का हे तपासूनच किल्ली द्यायची. सुरुवात कुकीजपासून केली, पासवर्ड वगैरे पुढच्या टप्प्यात असं सांगितलं. आणि गूगलने सोबत हेही सांगितलं की किल्ली आता त्या मशीनशी घट्ट बांधली गेल्याने प्रोफाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर फिरवणाऱ्यांचं नीट चालणार नाही. बघा, चोराला अडवलं की मालकाचं बिऱ्हाड हलवणंही अवघड होतं. दर वेळी.

मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्र येऊन पासकीचा रस्ता जाहीर केला. साइटकडे गुपित ठेवायचंच नाही, त्यामुळे तिकडून काही फुटण्याची भीती नाही. पण गुपिताचा आपल्याकडचा अर्धा भाग कुठे आहे आणि तो इकडून तिकडे कसा न्यायचा, हा प्रश्न तिथेही आलाच. फायडो या संस्थेने त्यासाठीच्या नियमांचे मसुदे ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केले.

फडताळ

असो. साताऱ्याचं काय झालं?

रात्रभर वाचून मला एक आशेचा धागा सापडला होता. रिसेटने पेटी फुटत नाही, फक्त बंद राहते. जुना पासवर्ड पुन्हा लावला तर ती उघडते. म्हणजे बाबांचा विसरलेला पासवर्ड शोधायचा होता.

सकाळी पहिल्या अंघोळीनंतर बाबांना खोदून खोदून विचारलं. त्यांना एवढंच आठवत होतं की "कुठेतरी लिहिला होता रे." डायऱ्या बघितल्या, फायली बघितल्या. आई फराळाच्या गडबडीत, तिने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "कधी बदललात म्हणे?"

"गणपती गेले त्या दिवशी."

"मग कॅलेंडरवर लिहिला असेल. तुम्ही दुसरीकडे काय लिहिता?"

भिंतीवर कालनिर्णयचं ऑक्टोबरचं पान होतं. सप्टेंबरचं गेलं होतं. आमच्याकडे महिना संपला की पान फाडून आई फडताळात डब्यांखाली अंथरते. लाडवांचा डबा उचलला, चिवड्याचा उचलला, आणि त्याखाली तेलाचा डाग पडलेला सप्टेंबर २०१७. पाच तारखेच्या चौकटीत, अनंत चतुर्दशी, दूध दीड लिटर, आणि त्याखाली बाबांच्या बारीक अक्षरात एक शब्द आणि चार आकडे.

तो शब्द गावच्या घराचं नाव होता.

पासवर्ड परत लावला, लॉगिन केलं, ब्राउझर उघडला. चौकटीत काळे ठिपके येऊन बसले. बाबांनी पहिला मेल उघडला तो दादाकाकांचा, आणि चष्मा काढून पुसायला घेतला. मी उगाचच प्रिंटरची वायर बघायला खाली वाकलो. दिवाळी संपेपर्यंत आम्ही सगळे मेल छापून काढले. १४० पानांची फाइल झाली, ती अजून त्याच फडताळात वरच्या कप्प्यात आहे.

ब्रूस श्नायर हे सुरक्षेतलं मोठं नाव. त्यांनी २००५ मध्येच लिहिलं होतं की चांगला पासवर्ड निवडा आणि खुशाल कागदावर लिहून पाकिटात ठेवा. कॉलेजात असताना मी हे वाचून हसलो होतो. आता हसत नाही. साताऱ्याच्या घरातून कालनिर्णयचं पान चोरायला कोणी रशियातून येत नाही.

आपल्या घरात हे सगळं कोण बघतं? बहुतेक आपणच. आई-बाबांचा फोन आपण लावून देतो, 'सेव्ह' आपणच दाबतो आणि पुण्याला निघून येतो. किल्ली कुठे आहे हे त्यांना माहीत नसतं आणि आपल्यालाही नसतं. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा दहा मिनिटं काढा. रिकव्हरीचा नंबर चालू आहे का ते बघा, मुख्य मेलचा पासवर्ड एका कागदावर लिहून आईच्या ताब्यात द्या. आणि कोणाचाही पासवर्ड रिसेट करायच्या आधी त्या चार ओळी वाचा.

ता.क. ती २०२२ ची सीएसव्ही फाइल मी डिलीट केली. मग आठवलं म्हणून रीसायकल बिनमधूनही केली :)